ब्लड कल्चरचे ‘पाच दिवस’

"ब्लड कल्चरला पाच दिवस लागतात, तोवर पेशंटचं जे व्हायचं ते होऊन जातं, मग कशाला करायचं" हे नातेवाईकांकडून कायम ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. ब्लड कल्चर म्हणजे पेशंटचं रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघणं. पाच दिवस थांबतात ते काहीच उगवलं नाही तर निगेटिव्ह म्हणायला. रक्तात जंतू असले की बहुतेक बाटल्या १-२ दिवसांतच वाजतात, म्हणजे जंतू कार्बन डायऑक्साइड सोडतात, बुडाचा सेन्सर रंग बदलतो नि मशीन अलार्म देतं. मग ग्राम स्टेन (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली त्यांचा ढोबळ प्रकार बघणं) तासाभरात, आणि लॅबमध्ये सोय असेल तर युकास्टच्या (अँटिबायोटिक चाचण्यांचे निकष ठरवणारी युरोपीय समिती) रॅपिड पद्धतीने बाटलीतलं रक्त थेट प्लेटवर पसरून ४ ते ८ तासांत कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल ते नेहमीच्या काही जंतूंसाठी कळतं. फक्त रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी घ्यायला हवं, पण त्यापायी डोस लांबता कामा नये.