ईस्टरची तारीख कोण ठरवतं?

ईस्टर म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाल्याचा सण, त्याची तारीख चर्चवाले दरवर्षी मनाला येईल तशी ठरवतात, म्हणून गुड फ्रायडेची सुट्टी कधी मार्चात कधी एप्रिलात, असं खूप जण म्हणतात. तसं नाहीये. येशूंना क्रूसावर दिलं ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत आणि तो सण वसंतातल्या पौर्णिमेचा, त्यामुळे हिशोब चंद्रावरच आहे, म्हणजे 21 मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर, आधीचा शुक्रवार गुड फ्रायडे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघा ना, 2023 ला हनुमान जयंती 6 एप्रिल, गुड फ्रायडे लगेच 7 ला, ईस्टर 9 ला. 2024 ला होळीची पौर्णिमा 24-25 मार्चला, ईस्टर 31 ला. (रशिया, ग्रीसकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचं जुनं कॅलेंडर, त्यांची तारीख बऱ्याचदा वेगळी येते.)