सुरक्षा कॅमेऱ्यांची नेटवर्क केबलवरील जोडणी

कॅमेऱ्याचे चित्र, त्याला लागणारी वीज आणि त्याला वळवण्या-फिरवण्याच्या आज्ञा एकाच केबलमधून नेण्याची पद्धत. केबल संगणकाला लावतात तीच, कॅट-५ई किंवा कॅट-६. तिच्यात तांब्याच्या आठ तारा असतात, दोन-दोन तारांना पीळ देऊन चार जोड्या केलेल्या, आणि टोकाला आरजे-४५ जॅक. नागपुरात इतवारीच्या दुकानापासून बुटीबोरीच्या कारखान्यापर्यंत नव्या कामांत हीच केबल दिसते. जुन्या कामांत ‘थ्री प्लस वन’ केबल (चित्रासाठी एक कोॲक्सियल तार आणि सोबत तीन साध्या तारा) अजून टिकून आहे.

या केबलवर दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे कॅमेरे चालतात. ॲनालॉग या जुन्या पिढीच्या कॅमेऱ्याच्या केबलला दोन्ही टोकांना बलून नावाची छोटी डबी लावली की चित्र एका जोडीतून जाते. उरलेल्या जोड्यांपैकी एक फिरत्या कॅमेऱ्याच्या आज्ञा नेणाऱ्या आरएस-४८५ नियंत्रणाला आणि बाकीच्या विजेला देतात. नियंत्रणाच्या दोन तारांची अदलाबदल झाली, किंवा कॅमेऱ्याचा पत्ता आणि आज्ञांचा वेग डीव्हीआरशी (चित्र साठवणाऱ्या पेटीशी) जुळला नाही, तर चित्र झकास दिसते पण कॅमेरा जागचा हलत नाही. आयपी, म्हणजे संगणकासारखा थेट नेटवर्कला जोडलेल्या, नव्या पिढीच्या कॅमेऱ्यात ही वाटणी लागत नाही. चित्र आणि आज्ञा दोन्ही डेटा म्हणूनच धावतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचे चित्र साठवणारी पेटी) एकमेकांशी बोलावेत म्हणून २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी ऑनव्हिफ हा मंच उभा केला.

चित्र बिघडले की लोक आधी कॅमेऱ्याला दोष देतात. दोष बहुधा विजेचा निघतो. या केबलमध्ये सहसा असणाऱ्या २४ गेज जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ८४ ओहम असतो. शंभर मीटर अंतरावर जाऊन-येऊन तो १७ ओहमांच्या आसपास भरतो. १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून अर्धा अँपिअर ओढला, तर साडेआठ व्होल्ट वाटेतच जिरतात आणि कॅमेऱ्याच्या हाती साडेतीन येतात. दोन जोड्या एकत्र करूनही जेमतेम पावणेआठ पोचतात. दिवसा नीट चालणारा कॅमेरा रात्री सारखा बंद-चालू होतो, त्यामागे हेच गणित असते. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात, प्रवाह वाढतो आणि व्होल्टेज बसते.

पीओईने (पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची पद्धत) यावर शोधलेला उपाय म्हणजे व्होल्टेजच चढे ठेवणे. तेच सहा वॅट ४८ व्होल्टवर नेले तर प्रवाह अष्टमांश अँपिअर लागतो, आणि दोन जोड्या वापरल्यावर तूट एका व्होल्टच्या आसपास राहते. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारी पेटी) प्रत्येक पोर्टला, म्हणजे केबलच्या खाचेला, १५.४ वॅट देतो आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅट पोचण्याची हमी असते. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये हे आकडे ३० आणि २५.५ आहेत, फिरते कॅमेरे सहसा त्यावर चालवतात. मानक स्विच वीज सोडण्याआधी पलीकडे २५ किलोओहमची खूण आहे का ते तपासतो, म्हणून चुकून संगणक जोडला तरी तो जळत नाही. स्वस्तातला पॅसिव्ह पीओई असे काही विचारत नाही, सरळ व्होल्ट सोडतो. आठ पोर्टचा स्विच घेताना एकूण वॅटही पाहावेत. प्रत्येक पोर्ट पूर्ण वीज देईलच असे नसते.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची सीसीए केबल कमी भावात मिळते. तिचा रोध तांब्याहून दीडपट किंवा त्याहून थोडा जास्त असतो आणि तार वाकवताना पटकन तुटते. ब्लेडने तार खरवडली की आतली पांढरी धातू उघडी पडते. एवढी तपासणी ग्राहकाने समोर उभे राहून करून घ्यावी.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे सगळे हिशेब आणखी घट्ट होतात. मे २०१३ मध्ये शहराचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते, आणि गच्चीवरच्या पाइपात त्याहून जास्त तापते. इथरनेटची १०० मीटरची मर्यादा सर्वांना पाठ असते; तीतला पक्का बसवलेला ९० मीटरचा भाग ६० अंशांवर ७५ मीटरच धरावा लागतो, हे फारसे कोणी सांगत नाही. उन्हात साधे पीव्हीसी आवरण तडकते, म्हणून बाहेरच्या कामाला काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची केबल लागते.

कळमना बाजारासारख्या पसरलेल्या आवारात टोकाचा कॅमेरा मर्यादेपलीकडे जातो. तिथे ऑप्टिकल फायबर टाकतात. फायबर चित्र कित्येक किलोमीटर नेईल, पण वीज नेत नाही. ती खांबापाशीच द्यावी लागते.

मे-जूनच्या वळवाच्या पावसातली वीज हा आणखी एक शत्रू. ती खांबावरच पडायला हवी असे नाही. जवळ पडली तरी लांब उघड्या तारेत लाट उठते आणि पोर्ट जातो, कधी अख्खा स्विच. ही लाट जमिनीत वळवणारा सर्ज प्रोटेक्टर लावून त्याला खरे अर्थिंग द्यावे. अर्थिंगशिवाय तो शोभेची डबी ठरतो.

आणि कूलर. घरोघरी केबल आत घ्यायला कूलरची खिडकी सोपी म्हणून तीच निवडली जाते. मग केबल कूलरच्या मोटारीच्या वायरला चिकटून धावते आणि वाळ्याच्या ताट्यांतून झिरपणारे पाणी तिच्यावरून ओघळत थेट जॅकमध्ये उतरते. महिन्याभरात पिना हिरव्या पडतात. केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा आणि मोटारीच्या वायरपासून वीतभर तरी लांब ठेवावे.