उभयस्नेही बहुवारिके

ज्या बहुवारिकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या, एकाच रेणूत पाण्यात मिसळणारे जलस्नेही भाग आणि पाणी टाळणारे जलद्वेषी भाग रासायनिक बंधांनी जोडलेले असतात, ते उभयस्नेही बहुवारिक. एकाच साखळीत बांधलेले असल्याने हे भाग तेल-पाण्यासारखे वेगळे होऊ शकत नाहीत. पाण्यात ठरावीक संहतीच्या, म्हणजे द्रावणातील प्रमाणाच्या, वर अशा साखळ्या एकत्र येऊन अतिसूक्ष्म गोळे बनतात. जलद्वेषी भाग आत राहतात आणि जलस्नेही भाग बाहेर. हे गोळे म्हणजे मिसेल. साबणाचेही मिसेल होतात, पण बहुवारिकांचे सहसा फार कमी संहतीला होतात आणि सावकाश मोडतात.

गुणधर्म ठरतात ते भागांच्या प्रमाणावरून आणि क्रमावरून. पोलोक्झॅमर हे उत्तम उदाहरण. आधी प्रोपिलीन ऑक्साइडची जलद्वेषी साखळी वाढवतात, मग तिच्या दोन्ही टोकांना एथिलीन ऑक्साइड जोडतात. पोलोक्झॅमर ४०७ मध्ये मधल्या खंडाचा रेणुभार सुमारे ४,००० आणि एथिलीन ऑक्साइडचा वाटा सुमारे ७० टक्के असतो. त्याचे साधारण २० टक्क्यांचे द्रावण थंड असताना पातळ असते आणि शरीराच्या तापमानाला घट्ट जेल होते. खंड असे एकामागून एक नेमके रचता येतात, त्यामागे रसायनशास्त्रज्ञ मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ मध्ये दाखवलेले 'जिवंत' बहुवारिकीकरण आहे. त्यात साखळीचे टोक क्रियाशील राहते, म्हणून पहिला एकवारिक, म्हणजे साखळीचा एकेक घटक रेणू, संपल्यावर दुसरा जोडता येतो. १९९० च्या दशकातील एटीआरपी आणि राफ्ट या बहुवारिकीकरणाच्या नव्या पद्धतींमुळे हे काम कितीतरी अधिक प्रकारच्या एकवारिकांना खुले झाले.

दुसरी रचना कलमी. द्राक्षबागेत डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन जातीचे डोळे भरावेत, तशा एका कण्यावर वेगळ्या जातीच्या शाखा जोडलेल्या असतात. निफाड, दिंडोरीच्या बागांत डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी फवारल्या जाणाऱ्या 'एससी' प्रकारच्या, म्हणजे पाण्यात घन कण तरंगत ठेवलेल्या, औषधांत अशी बहुवारिके वापरतात. जलद्वेषी कणा औषधाच्या कणाला चिकटतो, जलस्नेही शाखा पाण्यात पसरून कणांना परस्परांपासून दूर ठेवतात. त्यामुळे टाकीत गुठळ्या होत नाहीत.

फवारणीत मिसळला जाणारा सिलिकॉन स्प्रेडर याच तत्त्वावर चालतो, पण त्याचा रेणू बराच लहान असतो. पानावरच्या मेणचट थरावर थेंब तो झटकन पसरवतो. त्याच्या वापरात पाण्याच्या सामूची (पीएच) काळजी घ्यायलाच हवी. त्यातला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध आम्ल किंवा अल्कधर्मी पाण्यात हळूहळू तुटतो आणि पसरण्याची ताकद जाते. जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्ल या वाढ संजीवकाच्या, फवारणीसाठी पाण्याचा सामू मुद्दाम खाली आणतात, तेव्हा असे द्रावण रात्रभर टाकीत ठेवणे चुकीचे. मणी मऊ पडू लागल्यावर स्प्रेडर टाळलेलाच बरा, कारण मण्यावरचा पांढुरका मेणाचा थर त्याने बिघडतो आणि बाजारात घडाचा ताजेपणा त्या थरावरूनच जोखला जातो.

औषधनिर्मितीत पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि पॉलिलॅक्टिक आम्ल यांचे खंड जोडून केलेल्या मिसेलमध्ये पॅक्लिटॅक्सेल हे पाण्यात जवळजवळ न विरघळणारे कर्करोगावरील औषध भरतात. दक्षिण कोरियात असे औषध रुग्णांना दिले जाते. पॉलिलॅक्टिक आम्लाचा खंड शरीरात पाण्याने तुटून लॅक्टिक आम्ल बनतो. पोलोक्झॅमरचे खंड असे तुटत नाहीत.