जमिनीखालचा बोजा

४ ऑगस्ट २००३. चीनच्या ईशान्येला छीछीहार नावाचं शहर आहे, तिथे बांधकामासाठी खोदताना पाच जुने ड्रम निघाले. एक फुटला, आतलं तेलकट काहीतरी मातीत सांडलं. पण लोखंड ते लोखंड, ड्रम गेले भंगारात आणि माती गेली भरावाला, एका शाळेच्या मैदानात पण. आत होता मस्टर्ड गॅस, १९४५ मध्ये हरलेल्या जपानी सैन्याने मागे टाकलेला. नावात गॅस असला तरी हा खरंतर द्रव, आणि अंगावर पडला तरी लगेच काहीच कळत नाही, कातडीतून आत शिरून डीएनएला चिकटतो आणि काही तासांनी टम्म फोड येतात, डोळे सुजतात. ४४ जणांना बाधा झाली, त्यातला एक दगावला. मातीत खेळलेली पोरं तर युद्ध संपून चार-पाच दशकं झाल्यावर जन्मलेली!

युकिको कोगा या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी याच पट्ट्यात, हार्बिन, चांगचुन, दालियनला फिल्डवर्क केलंय. प्रश्न साधा आहे, करणारे गेले, भोगणारेही चालले, मग हिशोब कोणी कोणाशी करायचा? चांगचुन ही जपानने इथे उभ्या केलेल्या मांचुकुओ या कळसूत्री राज्याची राजधानी होती. तेव्हाच्या इमारती अजून आहेत, फक्त नावाआधी ‘वेइ’ लावतात, म्हणजे बनावट, आणि तिथल्या कळसूत्री सम्राटाचा राजवाडा तिकीट काढून बघता येतो (शिवी पण द्यायची आणि गल्ला पण भरायचा, मला तर हे फार ओळखीचं वाटलं).

कोगा याकडे न फेडलेल्या कर्जासारखं बघतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा असतो ना, कर्ज काढलं आजोबांनी पण जमीन नातवाच्या नावावर आली की बोजाही येतो, तसंच काहीसं. १९७२ ला जपानशी संबंध सुरळीत करताना चीन सरकारने युद्धाच्या भरपाईवर पाणी सोडलं, आणि २००७ मध्ये जपानच्या सुप्रीम कोर्टाने तेच धरून सांगितलं की आता युद्धात जपानी कंपन्यांनी राबवलेल्या चिनी वेठबिगार मजुरांनाही दावा लावता येणार नाही. पण त्याच निकालात खटल्यातल्या निशिमात्सु कंपनीला सुचवलं की तुम्ही आपणहून काहीतरी करा, आणि २००९ ला कंपनीने ३६० मजुरांसाठी २५ कोटी येन दिले. गंमत म्हणजे असल्या केसेस चिनी लोकांच्या बाजूने फी न घेता लढले ते जपानी वकील.

छीछीहारसाठी जपानने चीन सरकारला ३० कोटी येन दिले, पण कागदावर भरपाई हा शब्द येऊ दिला नाही, रासायनिक शस्त्रांच्या विल्हेवाटीचा खर्च असं लिहिलं. भाजलेली माणसं टोकियोच्या कोर्टात गेली आणि हरली.