हॅमॉकमधील ऊब

हॅमॉकमधील ऊब : दोन झाडांमध्ये टांगलेल्या कापडी झोळीत, म्हणजेच हॅमॉकमध्ये, थंडीच्या रात्री झोपताना शरीराची उष्णता टिकवून धरण्याची रीत व त्यासाठी लागणारी साधने. ‘हॅमॉक’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला. त्या उष्ण, दमट प्रदेशात झोळीखालून खेळणारी हवा हे सुखच होते. थंड हवेत मात्र हाच गुण अंगावर येतो, आणि हॅमॉकमध्ये गारठण्याची बहुतेक कारणे पाठीखालच्या या मोकळ्या हवेपाशीच येऊन ठेपतात.

जमिनीवर झोपणाऱ्याच्या पाठीची उष्णता मुख्यतः वहनाने मातीत जाते. हॅमॉकमध्ये ती अभिसरणाने जाते, कारण पाठीला लागून तापलेली हवा टिकत नाही, वारा ती सतत वाहून नेतो. नुसत्या स्लीपिंग बॅगेने हे थांबत नाही. बॅगेतली पिसे किंवा कृत्रिम तंतू स्वतः ऊब निर्माण करत नाहीत. त्यांच्या फुगीरपणात अडकलेली स्थिर हवा उष्णता रोखते. अंगाच्या भाराने पाठीखालची भर चेपली की ती हवा निघून जाते आणि जवळजवळ नुसते कापडच उरते. बॅग किती थंडीपर्यंत पुरेल हे सांगणाऱ्या, तिच्यावर छापलेल्या तापमानावर हॅमॉकमध्ये विसंबू नये, असे म्हणतात ते यासाठीच. हे आकडे ज्या आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार काढले जातात, त्याच्या चाचणीत माणसाच्या आकाराचा तापवलेला पुतळा बॅगेत घालून चटईवर आडवा ठेवलेला असतो. खालून वारा लागणाऱ्या झोळीची स्थिती त्या मोजणीत येत नाही.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे अंडरक्विल्ट, अर्थात हॅमॉकच्या बाहेरून, तळाखाली टांगलेली रजई. तिच्यावर अंगाचा भार पडत नाही, म्हणून तिची भर फुगलेली राहते. मात्र ती नुसती टांगून भागत नाही, तिची बांधणी साधावी लागते. दोर सैल राहिले तर झोळी आणि रजई यांच्यामध्ये पोकळी पडते, कडेने थंड हवा शिरते आणि महागडी रजई असूनही पाठ गार पडते. दोर फार ताणले तर भर दाबली जाते आणि कुल्ल्यांखाली गारव्याचा पट्टा जाणवू लागतो. म्हणून आधी हॅमॉकमध्ये नेहमीच्या पद्धतीने आडवे व्हावे आणि सोबत्याला रजई व झोळीचे कापड यांच्यामध्ये तळहात सरकवून पाहायला सांगावे. रजई कापडाला सगळीकडे हलकेच टेकलेली असली पाहिजे, आणि दाबून सोडल्यावर ती पुन्हा फुगली पाहिजे. खांद्यांजवळची आणि पायांकडची टोके नीट आवळलेली आहेत ना, हे वेगळे पाहावे, कारण गळती बहुधा तिथूनच होते. हॅमॉकमध्ये सपाट झोपण्यासाठी मधल्या रेषेला थोडे तिरके पडायचे असते. अंग तिरके झाले की पाय किंवा खांदा रजईच्या बाहेर जाऊ शकतो, म्हणून ही पाहणी झोपेच्या स्थितीतच करावी, उभ्याने केलेली कामाची नाही. ओझे कमी करण्यासाठी काही जण खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचीच आखूड रजई वापरतात आणि पायांखाली चटईचा तुकडा घालतात.

अंडरक्विल्ट नसेल तर फोमची चटई आत घालता येते. ब्रिटिश नौदलातील खलाशांच्या हॅमॉकमध्येही पातळ गादी असे. फोम भाराखाली फारसा चेपत नाही, पावसाने निकामी होत नाही, आणि स्वस्तही पडतो. पण रात्रीतून ती घसरते, खांदे तिच्याबाहेर राहतात, आणि वाफ आरपार जात नसल्याने पाठीखाली दमटपणा साचतो. दोन थरांच्या हॅमॉकमध्ये चटई थरांच्या मधोमध घातली की घसरणे बरेच थांबते. कडाक्याच्या थंडीत चटई आणि अंडरक्विल्ट दोन्ही वापरणे शहाणपणाचे. अंगावर घेण्यासाठी बंद बॅगेपेक्षा पायाकडे पिशवीसारखी शिवलेली उघडी रजई सोयीची पडते, कारण पाठीखालची चेपलेली भर तशीही उपयोगाची नसते.

वरचे छत केवळ पावसासाठी नसते. थंडीत ते खाली ओढून दोन्ही टोके बंद केली आणि हॅमॉक जमिनीपासून थोड्याच उंचीवर बांधला, तर वारा बराच अडतो. जागा निवडताना दरीचा तळ आणि उघडा माथा दोन्ही टाळावेत. रात्री जड, थंड हवा उतारावरून खाली येऊन तळाशी साचते. छताखाली शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून ऊब आणण्याचा मोह धोक्याचा आहे: कृत्रिम कापड वितळते, आणि बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.

झोपणाऱ्याच्या शरीराने दिलेली उष्णताच रजई राखते, म्हणून अंग आधीच गारठलेले असेल तर रजईलाही राखायला फारसे काही नसते. झोपण्यापूर्वी पोटभर जेवावे, दोन मिनिटे चालून अंग गरम करावे, घामेजलेले कपडे बदलून कोरडे घालावेत आणि डोके झाकावे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओलसर मोज्यांत रात्र काढणे म्हणजे पाय गोठवून घेणे. घट्ट झाकणाची गरम पाण्याची बाटली मोज्यात गुंडाळून मांड्यांच्या मध्ये ठेवली तर ऊब चांगली पसरते. लघवीला जाणे टाळू नये. भरलेल्या मूत्राशयाने झोपमोड होते. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. बोलणे अडखळू लागले किंवा ऊब न मिळताच थरथर थांबली, तर हॅमॉकमधल्या तजविजी सोडून त्या माणसाला आडोशाला नेऊन गरम करावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी.

पिसांची भर वजनाच्या मानाने सर्वाधिक ऊब देते, पण भिजली की तिचा फुगीरपणा जातो. कृत्रिम भर जड असते, तरी ओलाव्यात बरीच तग धरते. श्वासातली आणि अंगातली वाफ भरीच्या थंड बाहेरील थरात गोठून रात्रीगणिक साठत जाते, म्हणून रजईत तोंड घालून श्वास घेऊ नये. सलग अनेक रात्रींच्या मुक्कामात उन्हाची थोडी जरी तिरीप मिळाली, तरी दोन्ही रजया उलटवून दोरावर पसराव्यात आणि गोळा झालेली पिसे बोटांनी हलकेच मोकळी करावीत.