‘खोटं काय बोललो?’ : व्यंगावरून हिणवणाऱ्या शब्दांची पार्श्वभूमी

माझ्या मावसभावाचं घर गावात नाव सांगून सापडत नाही. ‘लंगड्याचं घर’ असंच विचारावं लागतं. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय गेला. आज तो पंचेचाळिशीचा आहे, दोन मुलांचा बाप आहे, विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. मी एकदा त्याच्याकडे बसलो होतो, तेव्हा पार्सलवाल्या मुलाचा फोन आला. ‘काका, ते लंगड्याचं घर म्हणतात, तिथंच यायचं ना?’ हा ‘हो, तिथंच ये’ म्हणाला, फोन ठेवला आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं हातात धरून बराच वेळ गप्प बसून राहिला. गावात कुणाला यावरून बोललं की उत्तर ठरलेलं असतं : ‘खोटं काय बोललो? लंगडतोच की तो.’

ही सबब फार जुनी आहे, आणि ती चालणार नाही हे सांगणारा कायदाही तितकाच जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘वाक्पारुष्य’ (म्हणजे बोलण्यातला कठोरपणा) नावाचं एक प्रकरणच आहे. एखाद्याला काणा किंवा लंगडा म्हटलं आणि तो खरोखर तसा असला, तर तीन ‘पण’ दंड (पण म्हणजे त्या काळचं नाणं). नसला, तर सहा पण. आणि काण्या माणसाला ‘काय सुंदर डोळे आहेत तुमचे’ असं खोचक कौतुकाने म्हटलं, तर बारा पण. सर्वांत जास्त दंड तोंडदेखल्या स्तुतीला! मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही हेच आहे : ‘तथ्येनापि ब्रुवन्’, म्हणजे खरं असलं तरी, काणा-लंगडा म्हणणाऱ्याकडून निदान एक कार्षापण (हेही नाणंच) दंड घ्यावा.

पण या ग्रंथांचं नुसतं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. त्याच मनुस्मृतीचा नववा अध्याय जन्मांध, बहिरा, वेडा, जड (म्हणजे मंदबुद्धीचा) आणि मुका यांना वडिलोपार्जित मालमत्तेतून बाद करतो. त्यांना अन्नवस्त्र द्यावं, वाटा देऊ नये. म्हणजे ‘मुका’ हा शब्द कुणी रागाने उच्चारला तर दंड, आणि तोच शब्द वाटणीच्या वेळी उच्चारला तर जमीन गेली. इंग्रजी अमलातल्या न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून ही बंदी पुढे चालवली. १९२८ च्या कायद्याने ती बरीचशी उठवली, तरी जन्मतः ‘वेडा’ किंवा ‘जड’ ठरलेला माणूस बाहेरच राहिला. त्याला वारसाहक्काचं दार उघडलं ते १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने.

वेड्याच्या बाबतीत इंग्रजांनी आणखी एक भर घातली : भिंत. १८५८ मध्ये ‘ल्युनॅटिक असायलम’चा, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांचा, कायदा झाला. १९१२ च्या कायद्याने तर ‘ल्युनॅटिक’ची व्याख्याच ‘इडियट किंवा मन ठिकाणावर नसलेली व्यक्ती’ अशी केली. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. मुंबईच्या आसपास वाढलेल्या कुणालाही ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात त्याच अर्थाने येरवड्याचं नाव घेतात. एका अख्ख्या शहराचं नाव शिवी झालं. त्या शिवीच्या धाकाने किती घरांनी आपल्या माणसाचा आजार लपवला असेल, डॉक्टरकडे जायला किती वर्षं उशीर केला असेल, याचा विचार केला की मला ही थट्टा थट्टा वाटत नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ‘ल्युनॅटिक’ हा शब्द काढला. तरीही न्यायालयाने मन ठिकाणावर नाही असं ठरवलेल्या माणसाचं नाव आजही मतदार यादीत येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं सोळावं कलम तसं सांगतं.

बुद्धीच्या बाबतीत शब्द शास्त्राकडून आले. १९१० च्या सुमारास अमेरिकेत हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’ यांच्या वरची पायरी म्हणून ‘मोरॉन’ हा शब्द घडवला. बुद्धी किती कमी हे सांगणाऱ्या या तिन्ही त्या काळच्या वैद्यकीय श्रेणी होत्या. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका तरुणीची सक्तीची नसबंदी मान्य करताना ‘इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या’ असं निकालपत्रात लिहिलं. आपल्याकडे ‘मतिमंद’ हा शब्द असाच अदबीने, शाळांच्या पाट्यांवरून आला आणि बघता बघता वर्गातल्या पोरांच्या तोंडी शिवी म्हणून बसला.

तो शब्द कपाळी असलेल्यांचं काय होऊ शकतं, हे महाराष्ट्राने १९९४ च्या फेब्रुवारीत पाहिलं. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या काही बौद्धिक अपंग तरुणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. त्यांना मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या तरुणींना कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाच्या मनात आलं नाही, कारण ‘मतिमंद’ म्हटल्यावर पुढचं सगळं ठरलेलंच होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली चंदीगडच्या एका बौद्धिक अपंग तरुणीचा गर्भ तिच्या संमतीशिवाय पाडता येणार नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे त्या संमतीला किंमत आली.

आपल्या मराठीचा इथे एक खास गुण आहे, आणि तो चांगला नाही. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.’ दळणारी बाई आहे की पुरुष, भाषेला फरक पडत नाही, ‘ते’ आंधळं. माणूस आणि कुत्रं एकाच लिंगात. ‘खुळं’, ‘मुकं’, ‘पांगळं’, ‘बिचारं’ : व्यंग दिसलं की आपण मोठ्या माणसालाही नपुंसकलिंगी करून टाकतो, आणि बहुतेक वेळा मायेनेच करतो. म्हणून ते जास्त लागतं. रागातल्या शब्दाला उत्तर तरी देता येतं.

शब्द बदलले की प्रश्न सुटतो का? मेंदूच्या पक्षाघाताने (सेरेब्रल पाल्सी) स्नायूंवर ताबा न राहणाऱ्या मुलांना डॉक्टर ‘स्पास्टिक’ म्हणत. ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी १९५२ साली स्थापन झालेल्या स्पास्टिक्स सोसायटीला १९९४ मध्ये स्वतःचंच नाव टाकून द्यावं लागलं, कारण तिथल्या शाळांमध्ये तो शब्द शिवी झाला होता. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी सुरू केलेल्या संस्थेनेही पुढे हे नाव सोडलं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘दिव्यांग’ शब्द सुचवला. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. पण अनेक अपंग कार्यकर्त्यांना हा शब्द नको आहे. रॅम्प नाही, बसमध्ये चढता येत नाही, आणि अंगात मात्र दिव्यत्व! संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली. मला अशा वेळी कौटिल्याचे ते बारा पण आठवतात. कुणाला हा शब्द आपला वाटत असेल तर त्याने तो जरूर वापरावा. दुसऱ्यासाठी मी तो वापरत नाही.

कायद्याने शब्दाची जखम खऱ्या अर्थाने मोजायला सुरुवात केली ती अलीकडे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपमानाबद्दल शिक्षा नव्हती. १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या २०१६ च्या कायद्याचं ९२ वं कलम सांगतं, की चारचौघांत, कमी लेखण्याच्या हेतूने अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. ८ जुलै २०२४ रोजी एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी नेमकं सांगितलं : अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा आणि अपंगाला खाली पाडणारा विनोद वेगळा. हिणकस शब्दांमुळे भेदभाव संस्थांमध्ये मुरतो, असंही त्या निकालात आहे.

हे कलम मी मावसभावाला वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं, मोटारीच्या खाचेत तार बसवत राहिला. मग म्हणाला, ‘करायची कुणावर केस? अख्खं गाव येईल त्यात. आपले नानाही येतील.’ नाना म्हणजे त्याचे वडील.