लायब्ररीच्या नावामागचा तो आकडा

परवा भाच्याचा फोन. "मामा, गेम उघडत नाहीये, एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल मिसिंग म्हणतंय. एका साइटवर मिळतीये, विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये टाकू का?" म्हटलं अजिबात नको, कुठलीतरी सुटी डीएलएल (विंडोजवरची शेअर्ड लायब्ररी) आणून टाकणं म्हणजे अंगारा लावण्यातलाच प्रकार, फक्त अंगाऱ्यातून व्हायरस येत नाही. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल टाक, त्यातच ती फाइल असते.

पण फाइलीच्या नावातल्या त्या १४० वरून लायब्ऱ्यांना आकडे द्यायची लिनक्सची पद्धत आठवली, जी मला जाम आवडते. शेअर्ड लायब्ररी म्हणजे बऱ्याच प्रोग्रॅम्सनी मिळून वापरायचा कोड. डेटा दाबून लहान करणारी झेडलिब घ्या. लिनक्सवर तिची तीन नावं दिसतात: लिबझेड.एसओ, लिबझेड.एसओ.१ आणि लिबझेड.एसओ.१.२.११. खरी फाइल शेवटची, बाकी दोन नुसत्या सिमलिंक, म्हणजे 'तिकडे बघा' सांगणाऱ्या पाट्या. प्रोग्रॅम बनवताना लिंकर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणारा) बिनआकड्याचं नाव शोधतो, पण खऱ्या फाइलीच्या पोटात 'माझं नाव लिबझेड.एसओ.१' असं लिहिलेलं असतं (ह्याला एसओनेम म्हणतात), आणि प्रोग्रॅममध्ये तेवढंच उतरवलं जातं, पुढचं .२.११ नाहीच! मार्च २०२२ मध्ये झेडलिब १.२.१२ आली, मेमरी बिघडवणारी एक जुनी चूक सुधारून. ती टाकली की एलडीकॉन्फिग (ह्या पाट्या सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम) मधली पाटी नव्या फाइलीकडे वळवतो, आणि प्रोग्रॅम बंद करून परत चालू केला की नवा कोड, कंपाइल वगैरे काही नाही.

तो १ बदलायचा कधी, तर जुने प्रोग्रॅम मोडतील असा बदल केला तरच. ओपनएसएसएल ह्या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत एसओ.१.१ चं एसओ.३ झालं ते ह्याचमुळे, आणि दोन्ही एकाच मशिनवर सुखाने नांदतात. उलट जीलिबसीचा (लिनक्सवरची पायाभूत सी लायब्ररी) लिबसी.एसओ.६ मधला ६ हा १९९७ पासून हललेला नाही, कारण तिथे आवृत्तीचा शिक्का एकेका फंक्शनवर मारतात, ६४ बिट इंटेल मशिनवर मेमसीपीवाय (मेमरीतला डेटा कॉपी करणारं फंक्शन) दोन आहेत, २.२.५ शिक्क्याचं आणि २.१४ शिक्क्याचं, जुना प्रोग्रॅम जुनंच उचलतो.

मॅकवर आकडा आधी, लिबझेड.१.डायलिब. मॅकओएसच्या बिग सर आवृत्तीपासून सिस्टिमच्या ह्या फाइली डिस्कवर सुट्या दिसतच नाहीत, सगळ्या एका मोठ्या कॅशमध्ये कोंबल्यात.

आणि विंडोज? ६४ बिट विंडोजवर सिस्टिम३२ मध्ये ६४ बिटच्या डीएलएल असतात, ३२ बिटच्या सिसवॉव६४ मध्ये. भाच्याचा गेम ३२ बिटचा निघाला, म्हणजे त्याने फाइल टाकली असती तरी चुकीच्याच घरात.